शेवाळलेले छप्पर

पेण येथील माझ्या अभ्यासिकेत सॅम्युएल पामरच्या एका जलरंगचित्राची प्रत टांगलेली आहे. केंटमधील शोरहॅमच्या वास्तव्यात, १८२८-२९ च्या सुमारास, त्याने रंगविलेला हा गाईंचा गोठा. छपरावर दाट शेवाळ. त्या शेवाळाची थोरवी मी वर्गात तासतासभर गाइली आहे. आमचे रोह्याकडील घर कारवीच्या कुडाचे, पेंढ्याने शाकारलेले. श्रावणात त्यावरही असेच शेवाळ चढे. मग पेंढा कुजे आणि आई रात्रभर गळतीखाली पातेली सरकवीत बसे. ते पाडून स्लॅबचे घर बांधण्याचा आग्रह माझाच. त्याचे एकही चित्र मजजवळ नाही. गेल्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळलेल्या आईला पामरचे हे चित्र दाखविले. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "अरे, या लोकांनी यंदा शाकारणी केली नाही वाटतं?"