वांग्याच्या ओळींमधला चर

आमच्या परसात वांग्याच्या दोन ओळींमध्ये एक चर कायम अर्धा उघडा असतो. वीतभर रुंद, दीड वीत खोल. सकाळी भाजी निवडून झाली की देठं, साली, टरफलं, चहाचा चोथा घेऊन मी तिथे जाते. टाकलं, खुरप्याने खालीवर केलं, दोन ओंजळी पातेरा, त्यावर चार बोटं माती. उद्याचं त्याच्या पुढच्या हातभर जागेत.

आधी मी ढीग करत असे. इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात घडवलेली ती पद्धत उत्तमच आहे, पण ढीग तापायला निदान मीटरभर लांब-रुंद-उंच हवा. चार माणसांच्या घरात तेवढं साठेपर्यंत खालचं कुजून घाण सुटते. शिवाय तो उलथायचा, ओला ठेवायचा, मग पाट्या भरून वाफ्यात न्यायचा. मुळांपाशीच पुरलं तर ही सगळी ये-जा वाचते.

आमची माती जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात ही ऊब. कुजणं झपाट्याने होतं, पण कुजलेलं टिकत नाही. खाते भरभर, अंगी लागतं कमी. म्हणून तिला एकदाच भरपूर वाढून चालत नाही. रोज थोडं, वर्षानुवर्षं द्यावं लागतं.

एका वर्षी घाई केली. सुतारकामाचा भुसा घालून चर बुजवला आणि आठवड्याने त्यावरच वांग्याची रोपं लावली. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते त्यांनी मातीतून उचललं आणि रोपं उपाशी राहिली. त्या रोपांचं मला अजून वाईट वाटतं. आता बुजवलेल्या चरावर दोन महिने काही लावत नाही. लावते ते वीतभर बाजूला. मुळं आपली आपण वास काढत येतात.

मृगापासून हस्तापर्यंत चर बंद. पाणी भरलं की आत हवा राहत नाही, काळा चिखल होतो आणि नासक्या अंड्यासारखी घाण सुटते. तेव्हा कचरा पडवीतल्या भोकं पाडलेल्या पिंपात, पातेऱ्यात मुरवायचा. कोळंबीची सालं मात्र बारा महिने माडाच्या आळ्यात, हातभर खोल. वर चिरा ठेवायचा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.

पातेरा मला कधी पुरत नाही. भाजावळीला राब लागतो हे समजू शकते, पण अंगण स्वच्छ दिसावं म्हणून पेटवलेला पानांचा ढीग पाहिला की जीव तुटतो. मी टोपली घेऊन जाते आणि मागून आणते.

परवा दीड महिन्यापूर्वीचा चर उकरून पाहिला. केळीच्या सालींचा मागमूस नव्हता. फणसाच्या पानाची नुसती जाळी उरली होती, तिच्यावर पांढरी बुरशी सुतासारखी पसरलेली. अंड्याचं कवच जसंच्या तसं. आंब्याची एक कोय फुटून तिला तांबूस कोंब आलेला. तो अलगद उचलून कुंपणापाशी लावला. आणि माती हातात घेतली तर ओलसर, रवाळ, पहिल्या पावसाच्या वासाची.

पहिल्या वर्षी इथे टिकाव मारला की ठण्ण वाजायचं. या खेपेला दुधीच्या बिया मी बोटाने भोक पाडून लावल्या.