दोन तासांवर एक थांबा

लील ते सेत हे अंतर साधारण हजार किलोमीटर. फ्रान्सच्या उत्तर टोकापासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत. ताई आणि दाजी लीलमध्ये राहतात त्याला एकोणीस वर्षं झाली. मुलं लहान असताना दर ऑगस्टमध्ये ते हे अंतर एका दिवसात कापायचे. पहाटे चारला निघायचं, मुलं मागच्या सीटवर झोपलेली, संध्याकाळी समुद्र. मी हैदराबादहून फोन करून विचारायचे, "वाटेत काय पाहिलंस?" ताई म्हणायची, "पाट्या."

म्हणजे मोटरवेच्या कडेच्या त्या तपकिरी पाट्या. कुठे कॅथीड्रल, कुठे द्राक्षमळे, कुठे किल्ला. सत्तरच्या दशकात ज्याँ विदमेर या मूळच्या स्विस चित्रकाराने त्यांच्यासाठी साधी, ठसठशीत चिन्हं काढली. ताशी १३० किलोमीटरच्या वेगात एका नजरेत कळावीत अशी. कळतात, पण कळेपर्यंत ते गाव मागे पडलेलं असतं.

गेल्या वर्षी ताईचे उपचार झाले. त्यानंतर तिला एका जागी दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही; पाय बधिर होतात, मग पाठ. या सप्टेंबरात सेतला जायचं आहे, गाडीनेच जायचं आहे आणि गाडी मी चालवायची आहे, असं तिने मार्चमध्ये जाहीर केलं. दाजींचं म्हणणं वेगळं. लीलहून माँपेलिएपर्यंत थेट वेगवान रेल्वे आहे, पाच-एक तासांत पोचते. हा हट्ट कशाला? त्यांचं चूक नाही. पण ताई म्हणाली, "रेल्वे मला हवं तिथे थांबत नाही."

हे वाक्य ऐकून मला वाई-पुणे एसटी आठवली. खंबाटकी घाट लागला की ताईला मळमळायचं. बाबा ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगायचे नाहीत. चाळीस माणसांचा खोळंबा आपल्या मुलीसाठी करायचा नाही, हा त्यांचा बाणा. मी लिंबू धरून बसायचे, ताई पिशवी. तिने एकदाही "थांबवा" म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर बेत आखतो. पॅरिस टाळायचं, कारण तिथला बाह्यवळण रस्ता मला झेपणार नाही. हैदराबादच्या रिंग रोडवरचा माझा आत्मविश्वास उजव्या बाजूच्या स्टिअरिंगपुरताच आहे. म्हणून रँस, त्र्वा, लांग्र, बोन असं पूर्वेकडून उतरायचं, लिआँला ऱ्होन नदीला भेटायचं आणि तिच्या काठाने ओरांजपर्यंत खाली जायचं. तिथे रस्ता फुटतो: एक फाटा मार्सेला, दुसरा, ए-९, आमचा. जुलैअखेरचा शनिवार या रस्त्यावर भयंकर. एक सुट्टी संपवून परतणारे आणि दुसरी सुरू करणारे त्याच दिवशी समोरासमोर येतात. गर्दीचा अंदाज देणारी सरकारी सेवा आहे, तिचं नाव बिझाँ फ्यूते, म्हणजे 'चलाख गवा'. हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे दिवसांचे रंग ती आधीच सांगते. सप्टेंबरात गवा बहुतेक शांत असतो.

माझं लायसन्स फ्रेंचमध्ये नाही, त्यामुळे सोबत त्याचं अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. वीस वर्षं भाषांतरं करते आहे, पण माझंच भाषांतर सोबत बाळगायची ही पहिलीच वेळ. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद हवा. इथे पंचाईत होते, कारण मुक्काम वाढत चालले आहेत. मार्चमध्ये बेत दोन दिवसांचा होता. एप्रिलमध्ये तीन. आता पाच.

वाढण्याचं कारण काही अंशी मीच. फ्रेंच मोटरवेवर साधारण दर पंधरा-वीस किलोमीटरला गाडी लावायला जागा असते. काही ठिकाणी पेट्रोल, उपाहारगृह. काही ठिकाणी नुसती झाडं, बाकं आणि स्वच्छतागृह. या जागेला फ्रेंचमध्ये 'एर' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? 'थांबा' म्हटलं की एसटी येते. 'विसावा' म्हटलं की पालखी. शब्दकोश उघडला तर 'एर' म्हणजे धान्य मळायचं खळं, आणि गरुडाचं घरटंसुद्धा! ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग खळंच म्हण. आपल्याला तरी कुठे उडायचंय?" तेव्हापासून आमच्या यादीत खळी आहेत.

आणि मग मी तिला कोर्तासारबद्दल सांगितलं. ही माझी चूक की काय, अजून ठरलेलं नाही. हुलिओ कोर्तासार, अर्जेंटिनाचा कथाकार, पोटासाठी युनेस्कोत भाषांतरं करणारा. १९८२च्या मे महिन्यात तो आणि त्याची बायको कॅरोल डनलॉप पॅरिसहून आपल्या फोक्सवॅगन गाडीतून मार्सेला निघाले. एका दिवसाचा रस्ता. त्यांनी नियम केला: मोटरवे सोडायचा नाही, रोज दोनच खळी घ्यायची आणि दुसऱ्यावर रात्र काढायची. ३३ दिवस लागले. या प्रवासाचं पुस्तक त्यांनी जुन्या शोधयात्रींच्या थाटात लिहिलं. काय खाल्लं, तापमान किती, कुठल्या झाडाखाली टाइपरायटर मांडला, सगळ्याची नोंद. एम.ए.ला आम्ही ते प्रवासवर्णनाचं विडंबन म्हणून वाचलं आणि खूप हसलो.

ताईला ही कल्पना प्रचंड आवडली. रविवारी बेत आखून झाला की मी तिला पुस्तकातलं थोडं थोडं वाचून दाखवू लागले, वाचता वाचताच मराठी करत. ती हसायची, मध्येच "हे खळं आपल्या वाटेवर आहे का बघ" म्हणायची. मला मात्र पुढची पानं माहीत होती. प्रवास संपल्यावर पाच महिन्यांच्या आत कॅरोल गेली. छत्तीस वर्षांची होती. पुस्तक त्याने एकट्याने पुरं केलं. १९८३ साली ते निघालं, आणि १९८४च्या फेब्रुवारीत तोही गेला. निघाले तेव्हाही दोघांची तब्येत धड नव्हती. वर्गात हे कुणीतरी सांगितलं असणारच, पण बावीसाव्या वर्षी तिकडे कोण लक्ष देतं.

भाषांतरकाराने मजकूर गाळू नये, असं मी तरुण भाषांतरकारांना कार्यशाळांत ठणकावून सांगते. जूनमध्ये मी दोन रविवार काहीबाही कारण काढून वाचन टाळलं. तिसऱ्या रविवारी मार्सेय आलं, ते दोघं बंदरापाशी पोचले, आणि मी म्हटलं, "संपलं."

ताई म्हणाली, "बरं."

मग आम्ही ए-९कडे वळलो. नीम आणि माँपेलिए यांच्यामध्ये आँब्रुसम नावाचं खळं आहे, मोठं, पेट्रोलपंपासकट. जवळच त्याच नावाचे रोमन अवशेष आहेत. इटलीहून स्पेनकडे जाणारा व्हिया दोमिशिया हा रस्ता तिथून जायचा आणि आँब्रुसम त्यावरचा टप्पा होता. घोडे बदलायचे, रात्र काढायची. फरसबंदीत गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात, पुलाची एक कमान नदीत उभी आहे. म्हणजे दोन हजार वर्षं माणसं त्याच जागी थांबताहेत. इथे आमचा चौथा मुक्काम. ताईला त्या चाकोऱ्यांत पाऊल ठेवून पाहायचंय. त्यासाठी मोटरवेवरून उतरावं लागेल, म्हणजे कोर्तासारचा नियम मोडेल. मोडू दे.

परवाच्या रविवारी तिने यादीचा फोटो पाठवला. तिच्या अक्षरात सगळी खळी, समोर किलोमीटर. ऑगस्टअखेर तिचं स्कॅन आहे. त्याचा निकाल येईपर्यंत माझं तिकीट काढायचं नाही असं दाजींनी मला वेगळा फोन करून सांगितलंय, आणि मी ताईला न सांगता ते आधीच काढलंय. यादीत लिआँच्या खाली एक नवं नाव होतं, आधीच्या खळ्यापासून जेमतेम अठरा किलोमीटरवर.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. झाडं आहेत, बाकं आहेत."

"मग?"

"लीलच्या वाचनालयात तुझं ते पुस्तक मिळालं," ती म्हणाली. "फ्रेंचमधलं. शेवटपर्यंत वाचलं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि घडीच्या खुर्च्या मी इकडे घेतेय. तू आणू नकोस, विमानात वजन होईल."