मऊ गिअरची किंमत

१/ गिअर चालकाच्या नकळत बदलावा, हे अमेरिकी मोटार उद्योगाचे जुने स्वप्न. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ आणले आणि ते घेणाऱ्यांच्या ओल्ड्समोबाइलमधून क्लचचे पेडल नाहीसे झाले. दुसऱ्या महायुद्धात हीच यंत्रणा एम५ स्टुअर्ट रणगाड्यात बसली.

२/ पण मऊपणाची किंमत होती. गिअर बदलताना आतील क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने हळूहळू आवळल्या जातात; तोवर त्या एकमेकींवर घसरतात. घसरणीतून उष्णता, उष्णतेतून झीज. जड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला ती अधिक भोवते.

३/ त्यावरचा उपाय ‘शिफ्ट किट’ : काही स्प्रिंगा आणि तेलवाटांच्या पत्र्यातील भोके वाढवण्यासाठी ड्रिल बिट. दाब लवकर चढतो, चकत्या झटकन पकडतात.

४/ टर्बो-हायड्रामॅटिक ३५० असलेला शेवरोले ट्रक स्टँडवर चढवून मालक घरीच खाली सरकतो. ऑइल पॅन उतरते, व्हॉल्व्ह बॉडी सुटते आणि आतले छोटे गोळे टपटप खाली पडतात. त्यांच्या जागा आधी टिपलेल्या नसतील, तर सोमवारी कामावर न्यायचा ट्रक कदाचित जागेवरून हलणारही नाही. शिवाय एकदा मोठे झालेले भोक पुन्हा लहान होत नाही.

५/ कारखान्याने आराम निवडला, कारण गाडी घेणारा पहिल्या फेरीत तोच पारखतो. तीच गाडी वर्षानुवर्षे राबवणाऱ्याने टिकाऊपणा निवडला आणि गिअरचा लहानसा झटका आनंदाने सोसला.