काळजीचं ग्रीस

अब्बांच्या इंतकालनंतर वर्कशॉप धाकट्या भावाने सांभाळलं. परवा तो म्हणाला, "आपा, मिलिंग मशीन भंगारात द्यावं म्हणतो. क्विल अडकते."

क्विल म्हणजे फिरत्या स्पिंडलला पोटात घेऊन वर-खाली सरकणारी जाड नळी. हँडल ओढलं की ती अर्ध्यावर अडायची, सोडलं तरी स्प्रिंग तिला वर नेत नसे.

जुम्म्याला अम्मीला घेऊन मी गेले. भावाने लॉक दाखवलं. ते सैलच होतं. बारीक फीडचं चाकही सोडवलेलं होतं. अम्मीने विचारलं, "तेल कोणतं घालतोस?"

"तेल कसलं, दर आठवड्याला ग्रीस भरतो. अब्बांचं मशीन आहे ना!"

"बेटा, त्यांचे कपडे मी धुतलेत. डाग पातळ तेलाचे असायचे."

क्विलभोवतीची फट केसाहून बारीक. तिथे ग्रीस सुकून, लोखंडाचा चुरा धरून गोंदासारखं झालं होतं. भावाने मेन स्विच बंद केला, क्विल जमेल तेवढी खाली घेतली, रॉकेलच्या फडक्याने पुसली, स्पिंडल ऑइल लावून पुन्हा वर-खाली केली. फडकं काळं व्हायचं थांबलं तेव्हा मगरीबची अजान झाली. हँडल सोडताच क्विल आपसूक वर गेली. अल्हमदुलिल्लाह!

"मी तर काळजीच घेत होतो, आपा," भाऊ पुटपुटला.

माझ्या वर्गात वाचताना अडखळणारा एक मुलगा आहे. काळजीपोटी मी त्याला रोज जादा गृहपाठ देत होते. सोमवारी तो बंद केला. त्याला शेजारी बसवलं आणि एकच ओळ, सावकाश, वाचून घेतली.