मोआबचे खडक आणि एक लोखंडी दांडा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्या मंडळींत पहिला प्रश्न विचारला जातो तो नायगाऱ्याचा. आम्ही उभयतांनी नायगारा पाहिला नाही, हे ऐकून इंदूरच्या आमच्या शेजारणीबाईंना आमची दयाच आली. आम्ही पाहिले ते युटा राज्यातील मोआब नावाचे, तांबड्या खडकांच्या कुशीतील लहानसे गाव. तेथे जाण्यापूर्वी मी चार संध्याकाळी डेन्व्हरच्या एका गॅरेजात, जमिनीवर चटई टाकून, गाडीच्या पोटाखाली घालवल्या. या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून सांगता येणार नाहीत.

आमचा निरंजन डेन्व्हरला असतो. त्याच्यापाशी चार दारांची जुनी जीप रँग्लर आहे. उंच स्प्रिंगा घालून त्याने तिची उंची अडीच इंचांनी वाढवली आहे, चाकेही मोठी बसवली आहेत. खडकांवरून गाडी चालवणे हा त्याचा छंद. आम्ही गेलो तेव्हा जीप दारात उभी होती. पण सूनबाई मृदुला तिच्यात बसत नाही, हे दुसऱ्याच दिवशी आमच्या ध्यानात आले. मंडईला जायचे तरी ती आपली लहान गाडी काढी. कारण विचारता निरंजन गप्प झाला. शेवटी तिनेच सांगितले.

सहा महिन्यांपूर्वी तिघे मोआबहून परतत होते. तिन्हीसांजेची वेळ, मागच्या बाकावर मृदुला आणि पाच वर्षांचा अर्णव. हमरस्त्याच्या एका वळणावर हरिण आडवे आले. निरंजनने चक्र फिरवले, तशी जीप एका अंगावर कलली ती कललीच. आता उलटते असे वाटले आणि कशीबशी सावरली. कोणाला खरचटलेही नाही. पुढे थांबून पाहिले तर समोरचा दांडा सुटलेलाच होता. खडकांवर जाताना सोडलेला तो दांडा परत जोडायचा राहून गेला होता. "त्या दिवसापासून मी त्या गाडीत पाय ठेवलेला नाही, बाबा," मृदुला म्हणाली.

हा दांडा म्हणजे आपल्याकडचे कारागीर ज्याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात तो. तिकडे त्याला 'स्वे बार' म्हणतात. गाडीच्या पुढच्या भागात तो आडवा बसवलेला असतो. मधला भाग रबरी बुशांत धरून चासीला जोडलेला, आणि दोन्ही टोके वीतभर लांबीच्या लिंक रॉडने डाव्या-उजव्या बाजूस अ‍ॅक्सलला बांधलेली. वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली की हा दांडा पिळला जातो आणि पिळाला विरोध करताना गाडीला सावरून धरतो. वेगात हा मोठाच आधार. खडकांवर मात्र तोच आडवा येतो. एक चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात उतरू पाहू लागले, तर दांडा त्या दुसऱ्यालाही वर ओढतो. चाक अधांतरी राहते, पकड जाते, आणि गाडी नको तेवढी तिरपी होते. म्हणून खडकांवर पुढचा दांडा अ‍ॅक्सलपासून सोडतात, मागचा तसाच ठेवतात, आणि हमरस्त्यावर येण्यापूर्वी पुढचा पुन्हा जोडतात. या सोडजोडीसाठी बनवलेल्या लिंकांना तेथे 'डिस्कनेक्ट' असे नाव आहे. निरंजनपाशी त्या नव्हत्या. तो पान्याने मूळच्या लिंका सोडी आणि दांड्याची टोके दोरीने वर बांधी. दमूनभागून परतताना पाना कोण काढतो!

माझे आयुष्य इंदूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत गेले. तरुणपणी माळव्याच्या काळ्या मातीतून पुष्कळ जीपगाड्या हाकल्या. पण त्या जुन्या, पाट्यांच्या स्प्रिंगांच्या जीपला असा दांडा नव्हताच. तरी लोखंडाची भाषा सगळीकडे एकच. मी म्हटले, "चल, आपण बघू."

पर्याय तीन होते. पहिला, हाताने सोडायच्या लिंकांचा. खाली खुंटी, तिच्यावर लिंकचे डोळे आणि आरपार पिन. पिन काढली की लिंक सुटते. मग ती चासीवरच्या दुसऱ्या खुंटीला अडकवून ठेवायची. हा सर्वांत स्वस्त आणि साधा. दुसरा, विजेवर चालणारा. रँग्लरच्या रुबिकॉन नावाच्या प्रकारात २००७ पासून कारखान्यातूनच असा दांडा येतो. बटण दाबले की तो मधोमध सुटतो, आणि ताशी १८ मैलांच्या, म्हणजे सुमारे २९ किलोमीटरच्या वर वेग गेला की आपोआप जोडला जातो. विसराळू माणसासाठी हा उत्तम. पण महाग, आणि चिखलपाण्यात मोटर व तारा सांभाळणे आले. तिसरा प्रकार मऊ दांड्याचा. तो सोडावाच लागत नाही. खडकांवर बराचसा वाकतो, रस्त्यावर थोडाबहुत सावरतो. मात्र उंच केलेली, सामानाने भरलेली गाडी वेगात वळवताना मूळचा दांडा देतो तेवढा आधार त्यातून मिळेलच असे नाही.

निरंजनचा कल पहिल्याकडे, माझा दुसऱ्याकडे. मृदुला दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने एवढेच विचारले, "विसरलो तर?"

प्रश्न यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. कारखान्यात आमच्याकडे यंत्र दुरुस्तीला घेतले की मुख्य स्विचला तांबडी पाटी लटकवीत. ज्याने लावली त्यानेच ती काढायची, आणि पाटी असेपर्यंत यंत्र चालू करायचे नाही. मी तो रिवाज सांगितला. हिने काही न बोलता ट्रंकेतून तांबड्या फितीचा हातभर तुकडा आणून दिला. ठरले असे : लिंक सोडली की फीत चक्राला बांधायची, दोन्ही पिना बसल्यावर, ज्याने त्या बसवल्या त्याने नव्हे तर दुसऱ्याने खाली वाकून पाहायच्या, आणि मगच फीत सोडायची. तेवढ्यावर मृदुला यायला तयार झाली. आम्ही हाताच्या लिंका घेतल्या.

घेताना लांबीचा हिशेब नीट करावा लागला. गाडी उंच केली की मूळच्या लिंका तोकड्या पडतात आणि दांड्याची टोके खाली ओढली जातात. म्हणून टाकी भरून, सामान लादून, सपाट जागी गाडी उभी केली, आणि दांड्याचे हात जवळजवळ आडवे राहतील अशी लांबी मोजली. मग जॅक लावून चाक पूर्ण खाली लोंबू दिले. ब्रेकची रबरी नळी ताणली तर जात नाही ना? चक्र दोन्हीकडे पूर्ण फिरवले. टायर दांड्याला घासत तर नाही ना? दांडा सोडल्यावर चाकाला पूर्वीपेक्षा मोकळीक मिळते, ती मोकळीक बाकीच्या भागांना सोसवली पाहिजे. उजवीकडची नळी मला तंग वाटली. ती बदलून लांब घातली, तेव्हाच निघालो.

डेन्व्हर ते मोआब साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक. रॉकी पर्वत ओलांडताना आयझेनहॉवर बोगदा लागतो, अकरा हजार फुटांहूनही उंच. भर एप्रिलात तेथे दुतर्फा बर्फ होते. संध्याकाळी कोलोरॅडो नदीच्या काठाने उतरलो तो दोन्ही बाजूंना गेरूच्या रंगाचे कडे, आणि पलीकडे ला साल पर्वताची पांढरी शिखरे.

मोआब समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार फुटांवर आहे. १९५२ मध्ये चार्ल्स स्टीन नावाच्या भूशास्त्रज्ञाला या मुलखात युरेनियमचा मोठा साठा सापडला, आणि जीपगाड्या घेऊन धातू शोधणाऱ्यांची येथे रीघ लागली. आज हौशी लोक ज्या वाटांनी जातात त्यांतील कित्येक त्या शोधकांनी पाडलेल्या. १९६७ मध्ये ईस्टरच्या सुमारास गावातील व्यापाऱ्यांच्या मंडळाने जीपगाड्यांची एक दिवसाची फेरी काढली. तिचा आता आठवडाभराचा मेळा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सँड फ्लॅट्स नावाच्या भागात गेलो. तेथील खडक म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, दगड होऊन बसलेल्या. नालबंद घोडे त्यांवरून घसरत म्हणून त्यांना 'स्लिकरॉक', निसरडा खडक, म्हणू लागले. रबरी टायर मात्र त्यावर चिकटून बसतो. आरंभी निरंजनने टायरमधली हवा कमी केली, पिना काढल्या, आणि अर्णवने चक्राला फीत बांधली. खडकावर रंगवलेल्या डायनोसॉरच्या खुणा पाहत वाट धरायची. खुणा सोडून बाजूच्या मातीत जायचे नाही. त्या मातीवर सूक्ष्म जीवांची काळसर साय धरलेली असते. एका पावलाने ती मोडते, आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात.

मग जीप चालू लागली तशी मला माझ्या तरुणपणच्या जीपमध्ये कधीच दिसली नव्हती. डावे चाक गुडघाभर वर, उजवे तेवढेच खाली, आणि आमची बैठक बरीचशी समतोल. चारी चाके आपापली जमीन शोधीत होती. हिने प्रथम डोळे मिटून रामरक्षा आरंभली होती; एका चढावर उघडले, ते पुढे मिटलेच नाहीत.

परतताना ढग भरून आले, चार थेंब पडले, सर्वांना घाई झाली. निरंजनने गाडी थांबवली ती जागा जराशी उतरती होती. एक पिन बसली, दुसरी बसेना. भोके जुळतच नव्हती. "हॉटेलपर्यंत हळू जाऊ," तो म्हणाला. मृदुलाने पुढे वाकून किल्ली काढून घेतली. "फीत आहे अजून," ती म्हणाली, आणि गाडीतून उतरली.

मीही उतरलो. गाडी दहा पावलांवरच्या सपाट जागी नेली आणि सर्वांना पुढच्या बंपरवर भार द्यायला सांगितले. मृदुला, मी आणि साडीचा पदर खोचून आमची ही, असे तिघे एका तालात दाबत होतो. खाली निरंजन, हातात पिन. चौथ्या दाबाला ती आत सरकली. मृदुला ओल्या वाळूवर गुडघे टेकून दोन्ही बाजू पाहून आली, आणि मग अर्णवने फीत सोडली.

परतीच्या दिवशी ते वळण आले तेव्हा चक्र मृदुलाच्या हाती होते. कोणी काही बोलले नाही. जीप वळली, किंचित कलली, सरळ झाली. निरंजन खिडकीबाहेर पाहत होता.

निघताना त्याने फीत परत देऊ केली. ही म्हणाली, "राहू दे तेथेच." नायगारा मात्र राहिला, तो राहिलाच.