परभणीचे मैदान, कोल्हापूरचे मैदान

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो. फुटबॉलचा विषय निघाला की मात्र ती अडचणीची ठरते. जर्मनीने विश्वचषक १९५४, १९७४, १९९० आणि २०१४ असा चार वेळा जिंकला; परभणी जिल्ह्यात कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट ही घरची मंडळी, फुटबॉल अजून पाहुणाच आहे.

याचे एक कारण पायाखालीच सापडते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील ही काळी जमीन कापसाला पोसते, खेळाडूला नव्हे. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती पायातील चप्पल ओढून घेते. शालेय फुटबॉलचा हंगाम नेमका पावसाळ्यातच येतो. ज्या शाळेने मैदानावर मुरूम टाकून ते दाबून घेतले असेल तिथे खेळ होतो. एरवी चेंडूपेक्षा चिखलाशीच झुंज अधिक.

अशा मातीत वाढलेला एखादा मुलगा बारावी वाणिज्यची परीक्षा देऊन घरी सांगतो की पुढे फुटबॉल खेळायचा आहे आणि नंतर खेळ व्यवस्थापनात काम करायचे आहे. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड येथील पेठांत कापड, किराणा, सराफी किंवा आडतीचा पिढीजात व्यवसाय असलेल्या घरात यावर पहिला प्रश्न उमटतो, “म्हणजे नेमके करायचे काय?” प्रश्न रास्त आहे. सामन्यांचे वेळापत्रक, मैदानाचे भाडे, तिकिटे, प्रायोजक, खेळाडूंचे करार, संघाचा प्रवास, प्रशिक्षण केंद्राचा जमाखर्च, हे सारे त्या शब्दात येते. आडतीवर शेतकरी, हमाल, मापाडी आणि खरेदीदार या चौघांना सांभाळणाऱ्या माणसाला हे काम परके वाटण्याचे खरे तर कारण नाही.

अडचण निराळीच आहे. प्रवेशाचा अर्ज एक आणि इच्छा दोन. खेळायचेही आहे आणि शिकायचेही. जिथे व्यवस्थापन चांगले शिकवतात तिथे मैदान मिळेलच असे नाही, आणि जिथे मैदान आहे तिथे तो अभ्यासक्रम नसतो.

सर्वांत जवळचा मार्ग घरचाच. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर अशा चार जिल्ह्यांचे. स्पर्धक कमी असतील तर विद्यापीठाच्या संघात जागा मिळण्याची आशा अधिक, हा लाभ लहान नव्हे. परंतु वर्षाकाठी मोजके सामने खेळून खेळाडू घडत नाही.

दुसरा मार्ग मुंबईचा. कसोटीत आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये तिथे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट ही संस्था काढली. बारावीनंतर खेळ व्यवस्थापनाची पदवी घेण्याची सोय तिथे आहे. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये या विषयाचे एमबीए होते. पुण्याजवळच बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले भव्य क्रीडा संकुल आहे. राज्याचे क्रीडा विद्यापीठही तिथेच करण्याचे ठरले. ते आधी औरंगाबादसाठी जाहीर झाले होते, याची सल मराठवाड्यात अजून आहे. कोणत्याही नव्या संस्थेत हवा तो वर्ग प्रत्यक्ष भरतो का, आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळते, हे डोळ्यांनी पाहून यावे. शैक्षणिक कर्ज देताना बँकही आधी मान्यताच विचारते.

या क्षेत्राची खातेवही उघडली तर काही पाने काळजी वाढवणारी आहेत. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये तो बंद झाला. २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा व्यापारी करार केला. त्याची मुदत संपत आली तरी पुढचे ठरेना, तेव्हा जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच थांबवून ठेवावा लागला. असा धंदा वाईट ठरत नाही, पण त्यात पाय ठेवताना दुसरा पाय जमिनीवर असलेला बरा. बीकॉमची साधी पदवी हा तो दुसरा पाय होय. खेळ व्यवस्थापन पदव्युत्तर स्तरावर शिकता येते. अठरा ते एकवीस या वयातला खेळ मात्र पुढे ढकलता येत नाही.

म्हणून तिसरा मार्ग, कोल्हापूरचा, नीट पाहण्याजोगा आहे. परभणीहून परळी, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असा रेल्वेचा लांबचा प्रवास आणि आठवड्यातून मोजक्याच दिवशी असणारी थेट गाडी. पण हंगामात दुपारी राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले की प्रवासाचा शीण विसरतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी अशी तालमी-मंडळांची नावे आणि प्रत्येकामागे एक अख्खी पेठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही जुनी संस्था वरिष्ठ गटातील सोळा संघांची साखळी स्पर्धा घेते. भाजीवाला, रिक्षावाला, सराफ सारे एकाच पायरीवर, आणि बचावपटूची चूक प्रत्येकाला आधी दिसलेली. पेठापेठांतील ईर्षा कधी हाणामारीवरही जाते; ती आवरणे हाही व्यवस्थापनाचाच धडा.

एखादी तालीम वर्गणी कशी जमवते, प्रायोजक कसा गाठते, परदेशी खेळाडूची राहण्याची सोय कुठे करते, हे येथे पुस्तकाशिवाय दिसते. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे पन्नास टक्के अधिक एक मत राहिले पाहिजे असा नियम आहे. कोल्हापूरच्या पेठांना तो कुणी शिकवला नाही, पण संघ पेठेचाच राहिला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. त्याची पुढची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हेही लक्षात ठेवावे.

शिकण्यासाठी शिवाजी विद्यापीठाची वाणिज्य महाविद्यालये शहरातच आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या काळातच प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. तो एखाद्या क्रीडा संघटनेच्या कार्यालयात घेता येईल का, हे प्राचार्यांना प्रवेशापूर्वीच विचारावे. आणि महाविद्यालय पाहायला सकाळी कार्यालयात न जाता संध्याकाळी चारला मैदानावर जावे. सराव रोज होतो की स्पर्धेपुरता, प्रशिक्षकाकडे महासंघाचा परवाना आहे का, दुखापत झाली तर कोण पाहते, हे माहितीपत्रकात छापलेले नसते.

घरातील आजीची शंका याहून वेगळी असते. दसरा चौकातील जैन बोर्डिंगचे नाव ऐकून तिला बरे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत तिथे राहिले होते. तरी ती विचारते, चेंडू कातड्याचा ना? तो आता नसतो. १९८६ च्या विश्वचषकापासूनच तिथे कृत्रिम चेंडू आला. बुटांचे मात्र पाहून घ्यावे लागते. काही भारी बूट कांगारूच्या कातड्याचे असत. नायके आणि प्यूमा यांनी ते थांबवण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. कृत्रिम बूट सर्रास मिळतात आणि स्वस्तही पडतात.

चौविहाराचा प्रश्न इतका सोपा नाही. हिवाळ्यात चारला सुरू झालेला सामना संपेपर्यंत सूर्य मावळायला येतो. सोबत डबा असेल तर खेळाडूला कसेबसे साधते. व्यवस्थापनाच्या नोकरीत मात्र मोठे सामने दिव्यांच्या उजेडात रात्री साडेसातला सुरू होतात, आणि हिशेब मिटवून बाहेर पडायला मध्यरात्र उजाडते. हा नियम मुलगा कसा पाळणार, की त्यात सवलत घेणार, हे त्याने आणि वडिलांनी प्रवेशापूर्वी समोरासमोर बसून बोलावे. शुल्क भरल्यावर हा विषय निघाला तर दोन्हीकडून शब्द वाढतात.

परतीच्या गाडीत पंढरपूरच्या पुढे वडील वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडतात : शुल्क, वसतिगृह, भोजनालय, बूट, सुट्टीतील येण्याजाण्याचे भाडे. खाली एक ओळ कोरी राहते, कारण दुकानात मुलाच्या जागी ठेवायच्या माणसाचा पगार कोणत्या खात्यात धरायचा, हे ठरलेले नसते. मुलगा वरच्या बर्थवर झोपलेला असतो. गंगाखेड मागे पडते, गोदावरीचा पूल येतो. परभणीला उतरून जिंतूरची एसटी गाठायची असते आणि दहाला दुकान उघडायचे असते.