गच्चीवरचा पाऊस

पावसाबद्दल मुंबईकराइतके बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. परंतु त्याच्या बोलण्यात माप नसते. ‘काय कोसळत होता!’, ‘नुसता झोडपून काढला!’ एवढ्यावर त्याचा हिशेब मिटतो. पाव किलो भेंडी घेताना काट्यावरून नजर न हलवणारे आपण, पाऊस मात्र बिनमापाचा घेतो.

ते माप घेण्याचा छंद मला लागला त्याला आता बरीच वर्षे झाली. परळला आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका खांबावर माझे हवामानयंत्र उभे आहे. तापमान, दमटपणा, हवेचा दाब आणि वारा हे सारे ते टिपते. पण त्यात मानाचे स्थान पर्जन्यमापकाचे. नरसाळ्यातून पाणी एका इवल्याशा वाटीत उतरते. वाटी भरली की कलंडते आणि तिची जुळी बहीण नरसाळ्याखाली येते. एकदा कलंडली म्हणजे 0.2 मिलिमीटर पाऊस झाला. यंत्र मोजते ते हे कलंडणे.

“अहो, पाऊस आला की नाही ते दोरीवरचे कपडे सांगतात की!” असे हिचे पहिल्याच दिवशी मत पडले. ते खोटे नाही. पण किती आला, ते कपडे सांगत नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढी वेधशाळा असताना ही उठाठेव कशाला? कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. तिथे 1841 पासून हवामानाच्या नोंदी होत आल्या. तिच्याबद्दल मला आदरच आहे. परंतु 26 जुलै 2005 आठवून पाहा. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला अवघा 73 मिलिमीटरच्या आसपास. शहर एक, दिवस एक. आणि आकडे असे! या दोन टोकांच्या मध्ये आमचे दादर, परळ, लालबाग. आमच्या डोक्यावर किती पडला, हे ना या टोकाला कळते ना त्या टोकाला.

आणि आमच्याकडे ते कळणे ही निव्वळ हौस नव्हे. मुंबईची पावसाचे पाणी वाहून नेणारी जुनी गटारे तासाला सुमारे 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. पुढे ती वाढवण्याची कामे झाली, हिंदमात्याच्या पाण्यासाठी जमिनीखाली मोठ्या टाक्याही झाल्या. तरी मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की समुद्र पाणी पोटात घेत नाही. 25 मिलिमीटर म्हणजे माझ्या वाटीचे सव्वाशे कलंडणे. आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या मावशींना हा आकडा पाठ आहे. तासाभरात शंभरी गाठली की त्या गाद्या माळ्यावर टाकायला लागतात.

हे आकडे मावशींच्या मोबाइलवर पोचतात ते माझ्या स्वतःच्या सर्व्हरवरून. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस जागा राहणारा संगणक. माझा कपाटावर बसलेला असतो आणि वहीएवढाही नाही. यंत्र विकणाऱ्या कंपन्या आकडे साठवण्याची आपापली सोय देतात. पण कंपनी उद्या दुकान आवरील, तर माझे पावसाळे कुणाकडे मागायचे? आपली वही आपल्या घरी असावी.

गच्चीवरून दर मिनिटाला एक नोंद खाली येते. सर्व्हर ती लिहून घेतो आणि ‘पोचली’ असे उलट कळवतो. पूर्वी रजिस्टर पत्राची पोच येई, तसेच हे. पोच येईपर्यंत यंत्र ती नोंद जवळ जपून ठेवते. शिवाय प्रत्येक नोंदीवर वेळ असते ती मोजल्याची, पोचल्याची नव्हे.

या दोन गोष्टींचे मोल एका रात्री कळले. पाऊस ऐन भरात असताना वीज गेली. यंत्र आपल्या बॅटरीवर चालू राहिले, पण खाली सर्व्हर आणि इंटरनेट दोन्ही मुके झाले. मावशींना आयत्या वेळी आकडा मिळाला नाही. त्यांनी कानाने पाऊस ओळखून गाद्या उचलल्या. पाणी उंबरा ओलांडून आले. सकाळी वीज आली आणि रात्रभर अडलेल्या नोंदी एकामागून एक उतरल्या, आपापल्या मिनिटाला जाऊन बसल्या.

मावशी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने पाण्याच्या खुणा करतात, शेजारी तारीख घालतात. त्या दिवशी मला म्हणाल्या, “भाऊ, या खुणेपुढे तुमचा आकडा लिहा.” मी आकडा लिहिला, भरतीची उंचीही लिहिली. त्या तासांपुढे शून्य पडले असते, तर इतक्या थोड्या पावसातही पाणी चढते असा भलताच निष्कर्ष त्या चौकटीवरून निघाला असता.

म्हणून माझा एक नियम आहे. पाऊस पडला नाही तिथे शून्य. पाऊस मोजला गेला नाही तिथे जागा रिकामी. कबुतराचे पीस नरसाळ्यात अडकले की बाहेर मुसळधार आणि वहीत शून्य, असा प्रकार होतो. असे शून्य मी खोडून टाकतो आणि रकाना मोकळा ठेवतो.

वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ तक्रार करतात, “तुमचा आकडा पेपराशी जुळत नाही बुवा!” खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरते, मध्यरात्रीपासून नव्हे, हे मी त्यांना सांगितले. आता माझा सर्व्हरही तसाच दिवस धरतो. तरीही आकडे जुळत नाहीत, आणि जुळावेत असा हट्टही नाही. तो कुलाब्याचा पाऊस, हा आमचा. मावशींच्या चौकटीवर आता पाच खुणा आहेत आणि प्रत्येकीपुढे दोन आकडे. मुंबईच्या पावसाचा इतिहास म्हणून ते फार थोडे आहे. एका खोलीतल्या गाद्यांपुरते मात्र पुरेसे आहे.